न्हाणीघराची भिंत

भिंत पडली ती थेट भाऊंच्या मोटारीवर.

प्रभाकर अर्धी दाढी टाकून, गालाला साबण तसाच ठेवून मागच्या दारी धावला. बॉनेटवर विटांचा ढीग, समोरच्या काचेचा चुरा.

"टेकू दिलेला साहेब," विश्राम गवंडी म्हणाला. "तो सरकला कसा तेच कळत नाही. आणि गाडी लांब लावायला सांगा म्हणून मी काल बोललेलो."

बोलला होता खरा. रोज फाटकाशी उभी असणारी मोटार भाऊंनी कालच सावलीला म्हणून मागे आणून लावली होती. पण भाऊ पडले घरमालक. त्यांच्या अंगणात त्यांची मोटार कुठे लावावी हे भाडेकरूने कसं सांगायचं? प्रभाकरला भीड पडली. भीड हा त्याचा जन्माचा आजार.

न्हाणीघर हवं होतं उत्तराला. लग्न होऊन डोंबिवलीच्या या दोन खोल्यांत आल्यापासून ती बिचारी तरटाच्या आडोशाला, उजाडायच्या आत आंघोळ उरकत आली होती. आता लेक हेमाही मोठी झाली. तिच्याही नशिबी तेच तरट? शेवटी प्रभाकरने चाचरत भाऊंपाशी विषय काढला, तर भाऊ हसले.

"अरे, विचारतोस काय? घर तुझंच आहे. खुशाल बांध."

लिहून वगैरे काही घेतलं नाही. लिहून मागायचं म्हणजे भल्या माणसाच्या तोंडावर त्याचा अविश्वास करायचा. तसं करणारे लोक वेगळे, प्रभाकर वेगळा.

आणि भाऊ होतेच मोठ्या मनाचे. गेल्या वर्षी धाकट्या भावासाठी त्यांना या खोल्या हव्या होत्या. "आम्ही जाऊ कुठे, भाऊ?" एवढंच प्रभाकर म्हणाला. फाळणीनंतर ठाण्यापासून कल्याणपर्यंत जागेचं नाव काढायची सोय राहिली नव्हती. भाऊंनी मान डोलावली आणि विषय सोडला. उलट तेव्हापासून ते जास्तच मायेने वागत.

आत्ताही ते आले, मोटारीकडे पाहिलं आणि आधी विचारलं, "कुणाला लागलं नाही ना?"

प्रभाकरला भरून आलं. "भाऊ, मी जमेल तसं भरून देईन."

"वेडा आहेस. विमा आहे गाडीचा. कंपनीचा माणूस येईल, त्याला काय झालं ते सांग, की झालं." मग भाऊ थोडे घुटमळले. "एक अडचण आहे रे. बांधकाम मला ठाऊक होतं असं कळलं, तर ते म्हणतील, मग गाडी तिथे लावलीत कशाला? दमडी द्यायचे नाहीत. तू आपलं म्हण, भाऊंना न विचारताच काम काढलं."

त्या दिवशी उत्तरा पानं वाढता वाढता थांबली. "अहो, पण तुम्ही विचारलं होतंत. खोटं कशाला बोलायचं?"

"आपण त्यांची मोटार मोडली, उत्तरा. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. त्यांच्यासाठी एवढंही करू नये माणसाने?"

तिने आमटी वाढली.

विमा कंपनीचे साहेब आले ते डोक्यावर हॅट घालून. शांत बोलणारे, पोक्त गृहस्थ. आळीतले दोघे जण त्यांनी पंच म्हणून बसवून घेतले, कंपनीची रीत म्हणाले. उत्तराचे पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले आणि मग हलकेच विचारलं, "या बांधकामाला मालकांची परवानगी होती?"

प्रभाकर म्हणाला, "नाही. त्यांना न विचारताच काढलं. माझी चूक." आणि भाऊंचं काम पक्कं व्हावं म्हणून पदरचंही घातलं, "विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते."

साहेबांनी पंचांकडे पाहिलं. "ऐकलंत ना?" पंच हो म्हणाले.

भिंत पुन्हा उभी राहिली, दार बसलं. पहिल्या दिवशी उत्तरा चांगलं ऊन वर आल्यावर न्हायला गेली आणि बाहेर यायचं नावच घेईना. प्रभाकर ओसरीवर बसून पाण्याचा आवाज ऐकत राहिला. इतकं साधं सुख आपण तिला इतक्या उशिरा दिलं, याचं त्याला वाईटही वाटलं.

मग कोर्टाचा बेलिफ दाव्याचे कागद घेऊन आला. मालकाच्या परवानगीवाचून पक्कं बांधकाम केलं, सबब जागा खाली करून मिळावी. खाली भाऊंची सही.

प्रभाकर तसाच अनवाणी त्यांच्या दारात गेला. भाऊ पूजेला बसलेत, असं आतून कुणीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशीही ते पूजेलाच बसले होते. भावाने कान भरले असतील, प्रभाकर उत्तराला म्हणाला. न्हाणीघराच्या दाराला टेकून ती उभी होती.

त्याच्या वकिलांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. पंच आता भाऊंचे साक्षीदार झाले होते. प्रभाकरची भिस्त उरली ती एकाच माणसावर. विम्याचे साहेब तिऱ्हाईत, त्यांना कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही. आपण खोटं का बोललो, ते विम्यापायी होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं की झालं.

म्हणून कल्याणच्या कोर्टात ते साक्षीला उभे राहिलेले दिसले, तेव्हा प्रभाकरच्या जिवात जीव आला. साहेबांनी त्याचं बोलणं शब्द न् शब्द सांगितलं, अगदी पदरचंसुद्धा. मग प्रभाकरचे वकील उठले.

"आपण कुठल्या विमा कंपनीत असता?"

"विमा?" साहेबांनी नवलाने विचारलं. "माझं भिवंडीला भुसारी दुकान आहे. भाऊ माझे साडू लागतात."