जमा केलेलं रिव्हॉल्व्हर

जिल्हा परिषदेचा निकाल लागून आठ दिवस झाले, रस्त्यावरचा गुलालही गेला, तरी मारुतरावांचं रिव्हॉल्व्हर चौकीच्या कपाटातच होतं. आचारसंहिता लागली की लायसनवाल्यांनी हत्यारं जमा करायची आणि निवडणूक उरकली की परत न्यायची, हा दरवेळचा रिवाज. सलग पाचव्या दिवशी म्हातारा महाळुंग्याहून चौकीत येऊन उभा राहिला.

हवालदार ज्योतीरामनं खुर्ची पुढं केली, चहा मागवला. साहेबांची सही राहिलीय, म्हणाला.

"रोज सहीच राहती व्हय रं?"

मग मारुतराव सुटले. कायदा म्हणे! ज्यानं उभ्या जन्मात कुणावर हात उगारला नाही त्याचं हत्यार सरकार कुलपात घालतं, अन् भंगाराच्या ठेक्यावरनं भांडणारी पोरं कमरेला गावठी कट्टा लावून चौकात फिरतात. ती आली का कधी जमा करायला? चोर सोडून संन्याशाला सुळी.

बोलणं खोटं नव्हतं. गेल्याच महिन्यात ज्योतीरामनं असे दोन कट्टे पकडले होते आणि आणखी किती असतील ते देवाला ठाऊक. त्यानं मान डोलावली. पण तात्या, एवढी घाई कशाला, असं आजही हळूच विचारलं.

"त्यो शेजारचा दत्तोबा. बांधावरनं रोज धमकावतोय. रंभा गेल्यापास्नं घरात मी एकला."

"कुत्रं हाय की राखणीला."

"दिलं भाच्याला. त्याचं खानंपिनं कोन बघनार?"

आवराआवर चालली होती, त्यांनी सांगितलं. उरलेली जमीन लेकीच्या नावावर केली, बायकोच्या, रंभाच्या साड्या वाटल्या. उगाच कुणाच्या मागं ताप नको. ज्योतीराम ऐकत राहिला. मग त्यानं एक कोरा कागद सरकवला. लेकीचा नंबर लिहा, फॉर्मला लागतो. वाकडला दिलेल्या तनुजाचा नंबर मारुतरावांनी अडखळत लिहिला.

"उद्या तरी मिळंल का?"

"उद्या या की. सकाळीच या. चहा माझ्याकडं."

मारुतराव पुटपुटत गेले. याला चिरीमिरी पाहिजे, हे त्यांनी कधीच ताडलं होतं.

शिपाई पूनमलाही तेच वाटत होतं आणि वाईटही वाटत होतं, कारण ज्योतीराम तसला माणूस नव्हता. चार दिवस गप्प बसून आज तिनं विचारलंच. सही तर सोमवारीच झाली, कागद तुमच्याच खणात आहे, मग म्हाताऱ्याला हेलपाटे कशाला?

"कायद्यानं परत द्यायलाच हवं ना? उद्या त्या दत्तोबानं काही बरंवाईट केलं, तर जबाबदार कोण?" तिनं रेटलं.

ज्योतीरामनं कागदावरचा नंबर बघून तनुजाला फोन लावला. पलीकडं रिंग वाजत होती.

"दत्तोबाच्या दहाव्याला मी होतो, पूनम. दोन वर्षं झाली."