मार्लिसबाईंच्या वीस फेऱ्या

मोटरसायकलची शर्यत जिंकून ब्रेंट कोल्यरला बारा मिनिटं झाली होती, पण शर्यत काही संपत नव्हती. मार्लिसबाई अजून ट्रॅकवरच होत्या. सत्तरीला टेकलेली बाई, डोक्यावर उसनं हेल्मेट, आणि वेग असा की मागून सायकलवाल्यानं घंटी वाजवावी. ओहायोच्या त्या जत्रेतली माणसं कणसं खात टाळ्या पिटत होती. ब्रेंट मात्र सारखा घड्याळ बघत होता.

कारण नियम. राष्ट्रीय मंडळाच्या नियमपुस्तकात एक जुनं कलम होतं. वीसच्या वीस फेऱ्या पुऱ्या करणाऱ्या कुणाही स्पर्धकानं तीन हजार डॉलर रोख पंचांच्या टेबलावर ठेवले, की विजेत्याचं इंजिन त्याचं. महागडी इंजिनं आणून कुणी माज करू नये म्हणून केलेलं कलम. जानेवारीपासून ते जाणार होतं, मंडळाचा ठराव झाला होता. आणि ही वर्षातली शेवटची शर्यत. म्हणजे आजचा दिवस निभला, की इंजिन जन्मभर ब्रेंटचं. आणि ते इंजिन हर्ब ग्रूबरच्या हातचं होतं, तसं दुसरं होणे नाही. हर्ब वारला, तेव्हा त्याच्या पुतण्यानं गॅरेज आवरायला काढलं आणि ब्रेंटनं हे इंजिन भंगाराच्या भावात उचललं.

दुसरा आलेला रँडी पुलास्की शर्यत संपताच ट्रक काढून गावात मेव्हण्याकडे पळाला होता. कशाला, ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. रोकड आणायला. तासाभरात तो परत येणार.

ब्रेंट पंचांच्या टेबलाशी गेला. "ड्वेन, दाव्याची मुदत अर्धा तासच ना? मग घड्याळ चालू कर की."

"शेवटचा गडी येऊ दे," पंच ड्वेन म्हणाला. "त्यानंतर अर्धा तास."

"मग बाईंना थांबव. निशाण दाखव."

"चाक फिरतंय तोवर थांबवता येत नाही. कलम नऊ. आणि ते कुणी लिहिलंय ठाऊक आहे ना?"

ठाऊक नसायला काय झालं? मार्लिसबाईंनीच. हर्बची ही बायको एकतीस वर्षं मंडळाची मुख्य पंच होती. बूट अर्धा इंच आखूड म्हणून तिनं राष्ट्रीय विजेत्याला घरी धाडलेलं. पंचाला शर्यतीत उतरता येत नाही, हाही तिचाच नियम. म्हणून जूनमध्ये राजीनामा दिला, निरोपाचा केक खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धकाचा परवाना काढला. मरण्याआधी एकदा पळवून बघायचीय, एवढंच म्हणाली. सगळ्यांना फार कौतुक वाटलं. ब्रेंटलाही वाटलं होतं, सकाळी.

अठराव्या फेरीला बाईंची मोटरसायकल खोकली आणि बंद पडली. ब्रेंटनं कपाळावर हात मारला. आता ही पायी ढकलत नेणार, तोवर रँडी येणार. त्यानं पेट्रोलचा डबा उचलला आणि कुंपणावरून उडी टाकली.

"हे चालतं का, बाई?"

"कलम चौदा," बाई हेल्मेटच्या आतून म्हणाल्या. "स्पर्धकानं दिलेलं चालतं. प्रेक्षकानं दिलेलं नाही. सांडू नकोस."

त्यानं पेट्रोल ओतलं. किक मारून दिली. वर पन्नास पावलं मागून ढकललंही. लोकांनी शिट्ट्या मारल्या. एरवी कुणाला पाना उसना न देणारा ब्रेंट इतका भला कधीपासून झाला, असं जो तो विचारू लागला.

विसावी फेरी पुरी झाली. ड्वेननं निशाण फडकवलं आणि घड्याळ चालू केलं. ब्रेंटनं रस्त्याकडे पाहिलं. धूळ नव्हती. रँडी अजून मेव्हण्याच्या दारात हात पसरून उभा असणार. ब्रेंटचा जीव भांड्यात पडला. त्याला बाईंबद्दल एकदम माया दाटून आली. त्यानं त्यांना हाताला धरून खाली उतरवलं, लिंबाचं सरबत आणून दिलं.

"शाबास, बाई. शेवटच्या आलात, पण आलात."

"मला जरा ड्वेनच्या टेबलापर्यंत पोचवतोस? गुडघा ऐकत नाही."

"चला की."

त्यानं त्यांच्या काखेत हात घातला आणि लेकीला मांडवात आणावं तसं त्यांना टेबलापर्यंत आणलं. बाईंनी चामड्याच्या जाकिटाची चेन उघडली. आतून एक कागद काढला आणि एक जाड पाकीट. दोन्ही ड्वेनपुढे ठेवलं.

ड्वेननं कागद वाचला. मग पुन्हा वाचला. "इंजिनवर दावा," तो हळूच म्हणाला. "बिनचूक भरलाय."

ब्रेंटनं कागदावर हात ठेवला. "बाई, अहो, पेट्रोल मी दिलं तुम्हाला."

"दिलंस ना. देव तुझं भलं करो." बाई खुर्चीत टेकल्या आणि गुडघा चोळू लागल्या. "हर्बनं ते माझ्या जेवणाच्या टेबलावर बांधलं रे. दोन वर्षं मी ताट मांडीवर घेऊन जेवले. मी दवाखान्यात होते, तेव्हा पुतण्यानं विकलं. मार्चमध्ये तुझ्या दारात आले, दुप्पट देते म्हणाले, आठवतं?"

ब्रेंटला आठवलं. आपण दारात उभं राहून, चारचौघांना ऐकू जाईल असं काय म्हणालो होतो, तेही आठवलं.

"तू म्हणालास," बाई म्हणाल्या, "'बाई, तुमच्या पुस्तकात बसत असेल तर घेऊन जा.'"