पारण्याची अट

राजकुंवरचं वर्षीतप पार पडलं की अमृतलालच्या पदरात बरंच पडणार होतं. वर्षभर एकाआड एक दिवस उपास, मग अक्षय तृतीयेला उसाच्या रसाने पारणं. बायको बग्गीत, आपण पुढे, दोन्ही बाजूंना जळगावचा कापडबाजार. उपास तिचे, फेटा याचा.

पारणं तोंडावर आलं आणि राजकुंवरने अट घातली. स्तवनं गाऊन आवाज बसला होता, तरी शब्द स्पष्ट होते.

"तुमच्या खोकल्यासाठी छातीचा फोटो निघाल्याशिवाय मी उसाचा रस तोंडाला लावणार नाही."

अमृतलालच्या सिगारेटी जैन संघात कोणालाच ठाऊक नव्हत्या. दुकानात कापड, गल्लीत ओळखीची तोंडं. म्हणून तो घरीच ओढायचा, खोलीच्या खिडक्या लावून. शेजारी राजकुंवर माळ जपायची. लग्नापासून हेच.

"जळगावात नको," तो म्हणाला. "धुळ्याला जाऊ."

गाडीत सून जिनल मोबाइलवर बघून विचारत होती. "पप्पा, थुंकीतून रक्त? वजन उतरलंय?"

"वजन? हे पोट बघ, बाई."

राजकुंवर हसली. निसटू नयेत म्हणून तिने पाटल्या कोपराकडे सरकवल्या.

दवाखान्याच्या जिन्यात ती दोनदा बसली. "तपस्वी आहे," अमृतलालने कंपाउंडरला ऐटीत सांगितलं.

डॉक्टरांनी त्याचा फोटो उजेडावर धरला. "फुफ्फुसं स्वच्छ आहेत. पण सिगारेट आजपासून बंद."

अमृतलालने लगेच फेटेवाल्याला फोन लावला. "केशरीच ठेव."

"मग आता मी रस घेईन," राजकुंवर म्हणाली.

डॉक्टरांनी मान वळवली. "आवाज कधीपासून असा?"

"दिवाळीपासून."

"स्तवनं गाते, साहेब," अमृतलाल मध्येच बोलला.

"अंगावरचं मांस उतरलंय."

"तप चाललंय ना."

"खांदा का दाबताय?"

"माळ ओढून दुखतो," राजकुंवर म्हणाली.

"रक्त पडतं?"

तिने जिनलकडे बघितलं. मग पदराचं टोक उलगडून दाखवलं.

"तुम्ही कधी सिगारेट ओढलीत?"

"नाही हो. मी नुसती शेजारी बसते."

डॉक्टरांनी तिलाही आत पाठवलं.

फेटेवाल्याचा उलटा फोन आला. अमृतलालने तो उचलला नाही. समोर दोन फोटो शेजारीशेजारी लागले होते. एकात बोराएवढा पांढरा डाग होता.

ओढणाऱ्याचा स्वच्छ होता.