पाटासकट घर

कुमुदकाकूंनी सहीसाठी पेन उचललं. माझं हे पहिलंच डील. घर आपल्या नावाने करारात बांधून घ्यायचं आणि ताबा घेण्याआधीच तो करार जास्त भावाने दुसऱ्याला विकायचा, हे मी माउंट वेलिंग्टनच्या एका सेमिनारमध्ये शिकलो होतो. म्हणून खरेदीदाराच्या जागी 'अनिरुद्ध किंवा त्याचा नॉमिनी' असं लिहिलं होतं, म्हणजे मी किंवा मी नेमेन तो. नॉमिनी ठरलेलाही होता, हे घर पाडून तिथे सहा युनिट्स, म्हणजे छोटी घरं, बांधणारा बिल्डर. काकूंना मात्र वाटत होतं, न्यू लिन उपनगरातलं आपलं घर मराठी मंडळातल्या मुलाकडे जातंय. त्यासाठीच त्यांनी किंमत उतरवली होती. घरासोबत काय काय द्यायचं त्या यादीत त्यांनी स्टोव्ह, पडदे यांच्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'गणपतीचा पाट'. मग कोपऱ्यातला तो पाट उचलून माझ्या मांडीवर ठेवला. कडेला जुना गुलाल होता. "वीस वर्षं गणपती त्याच कोपऱ्यात बसतोय. जागा बदलू नकोस." मी मान डोलावली. पेन कागदावर टेकवून त्या थांबल्या. पहिल्या पानावर बोट ठेवून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पुढच्या वर्षी आरतीला मी कुणाकडे येऊ रे, तुझ्याकडे की या नॉमिनीकडे?" सही होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं सेमिनारमध्ये बजावलं होतं. मी पाट मांडीवर सरळ केला आणि सहीच्या रेघेवर बोट ठेवलं.