मान टाकलेला ट्यूलिप

संग्रहालयातल्या त्या चारशे वर्षं जुन्या डच चित्रासमोर आई इतका वेळ उभी राहिली, की मृण्मयीला वाटलं, चला, वर्षभरानं हिनं कशाकडे तरी नीट बघितलं! काळ्याभोर अंधारात फुलदाणीभर गुलाब, एक मान टाकलेला ट्यूलिप आणि टेबलावर गळलेल्या पाकळ्या.

"ह्याला काय झालंय गं?" आईनं सपाट आवाजात विचारलं.

"सुकलाय. पूर्वी फुलं सुकायची, आई."

आईला खरंच माहीत नव्हतं, कारण न सुकणारी फुलं तिच्या जन्माआधीच आली होती; मृण्मयीनंही हे फक्त पुस्तकात वाचलं होतं. बाबांच्या फोटोला तेराव्या दिवशी घातलेला हार वर्ष उलटलं तरी टवटवीत होता. ताजा हार उतरवायचा कसा, म्हणून आई रोज त्याच्यासमोर नुसती बसून राहायची, ना रडायची, ना धड जेवायची.

"किती दिवसांत सुकायची?"

"दोन-तीन."

"मग हार उतरवायचे?"

"उतरवायचेच! वास यायचा ना."

"आणि उतरवताना बायका रडायच्या?"

"रडत असतील, आई."

आईनं हळूच मान हलवली.

"बरं होतं," ती म्हणाली. "कधी रडायचं ते कळायचं."