एकही नांगा नाही

शिरपूरच्या मंगल कार्यालयात बियाण्याच्या कंपनीचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. पहिल्या रांगेत बसलेल्या जगदेवच्या हातात कुणीतरी पेढा दिला. सत्कार त्याचाच होता. गेल्या खरिपात सोयाबीन नुकतंच वर आलं असताना कंपनीनं त्याच्या वावरावरून ड्रोन फिरवला होता. नकाशात सगळं वावर हिरवंगार निघालं. एकही नांगा नाही, म्हणजे बी न उगवलेली एकही रिकामी जागा नाही. कृषी केंद्रवाला धरमसिंग हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, जसं काही त्यानंच पेरलं होतं.

ड्रोनवाला अकोल्याहून आलेला. भिंतीला लावलेल्या पांढऱ्या कपड्यावर तो नकाशा शोधत होता, तोवर सुटे फोटो एकामागून एक सरकत होते. ड्रोन वावरावर जाता-येता असे ढिगानं फोटो काढतो, मग कॉम्प्युटर ते जोडून एक नकाशा करतो, हे त्यानं मघाशीच समजावलं होतं. जगदेवनं पेढा तोंडात टाकला आणि वर बघू लागला. आपलं वावर त्यानं वरून कधी पाहिलं नव्हतं. वावराच्या कडेचा धुरा, म्हणजे बांध, ओळखू आला. धुऱ्यावरचा कडुलिंब ओळखू आला. मग एका फोटोत काहीतरी पिवळं दिसलं.

"मांगं घ्या," तो म्हणाला.

ड्रोनवाल्यानं फोटो मागं घेतला. सोयाबीनच्या दोन ओळींमधल्या तासात एक बाई वाकलेली होती. लुगड्यावर पुरुषाचा पिवळा शर्ट. तो शर्ट जगदेवचाच, पोराच्या लग्नात घेतलेला. बाही फाटली तेव्हापासून त्याची बायको चतुराबाई तो वावरात घालायची. त्या दिवशी ती एकटीच त्या तासातले उरलेसुरले नांगे भरत होती, बोटानं भोक पाडायचं, दाणा टाकायचा, माती लोटायची. जगदेव वाशीमला गेला होता. संध्याकाळी शेजारच्या कस्तुराबाईला ती दिसली, तेव्हा अंग थंड पडलं होतं. हृदय एकदम बंद पडलं, तिला कळलंसुद्धा नसेल, असं डॉक्टर म्हणाले. वर्षभर जगदेवच्या घशाखाली घास उतरला तो त्या एका वाक्यावर.

त्यानं पुढचे फोटो हळूहळू दाखवायला सांगितले.

पुढच्या फोटोत पिवळा शर्ट खाली बसला होता. त्याच्या पुढच्यात आडवा झाला होता. मग काही फोटो वावराच्या दुसऱ्या कडेचे. ड्रोन फिरून परत आला, तेव्हा पिवळा शर्ट पहिल्या जागी नव्हता. लिंबाच्या बाजूला सरकला होता. एक हात पुढं होता. मागं रोपं मोडली होती, सरपटत गेल्यासारखी.

जगदेवच्या तोंडात पेढा तसाच राहिला.

"हे तुमी पाह्यलं होतं?"

"पाहिलं म्हणजे काय, फार त्रास दिला त्या बाईनं," ड्रोनवाला म्हणाला. "नेमकी मधात आली. कॉम्प्युटर तिला तण समजून राह्यला होता. शेवटी मी हातानं पुसली आणि बाजूचा हिरवा उचलून तिथं लावला. काळजी करू नका काका, नकाशात नाही दिसत ती."

"मी उडवतानीचं इचारून राह्यलो."

"तेव्हा पण दिसत होती ना स्क्रीनवर. गाडीत बसून मी तेच तर पाहत होतो. वाटलं, झोपली असेल. मजूर झोपतात दुपारचे."

जगदेवनं कपड्यावरच्या लिंबाकडं बोट दाखवलं.

"धुऱ्यावर येवढी सावली हाय. तासात, उन्हात, तोंड मातीत घालून कोन झोपते, साहेब?"

ड्रोनवाला हसायच्या बेतात होता. धरमसिंगचा चेहरा पाहून थांबला. धरमसिंगनं शर्ट ओळखला होता. चतुराबाईच्या तेरवीला तो पंगतीत जेवून गेला होता. त्यानं वाकून ड्रोनवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं. ड्रोनवाल्यानं घाईघाईनं बटण दाबलं. पिवळं गेलं आणि भिंतभर हिरवा नकाशा पसरला. मोडलेली रोपंही त्यात कुठं नव्हती.

जगदेवनं पेढा हातावर थुंकला. त्याला पेढ्याची किळस आली, पाहुण्यांवर शिंपडलेल्या अत्तराची आली, आणि सगळ्यात जास्त भिंतीवरच्या त्या हिरव्या रंगाची. समोर तबक होतं, त्यात नारळ आणि घडीची शाल. हातातला ओला गोळा त्यानं शालीवर ठेवला आणि हात धोतराला पुसला.

"जगदेवभाऊ," धरमसिंग हळू आवाजात म्हणाला, "लोक बसून राह्यले. मी दुसरी शाल आनतो. येवढा सत्कार घेऊन घ्या, मंग पाहू काय ते."

"तू तेरवीले दोनदा बुंदी मांगून घेतली होती, धरमसिंग."

माईकवर जगदेवचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या. कंपनीचा बोलणारा सांगू लागला की आमचं बियाणं असं, शंभर टक्के उगवण अशी, आणि एकही नांगा नाही. जगदेव उठला, पण स्टेजवर चढला नाही. तो भिंतीकडं गेला, नकाशात लिंब शोधला, आणि ज्या जागी पिवळा शर्ट होता तिथं कपड्याकडं पाठ करून उभा राहिला. हिरवा उजेड त्याच्या धोतरावर, सदऱ्यावर, डोळ्यांत पडला. मागं नकाशावर त्याच्या अंगाएवढी काळी जागा पडली.

कार्यक्रमाचे फोटो काढणारा समोरून म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा. तुमी मधात येऊन राह्यले."

जगदेव तिथून हलला नाही.