पुलावरचा श्वास

हरिचंद्रचे बुडबुडे थांबले.

पोहण्याच्या तलावाच्या तळापासून तो अलगद वर निघाला होता, हात पसरून, झोपेत कूस बदलावी तसा. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी, काचेमागे हसरे डोळे. शिकवणारी माया त्याला लागूनच होती. शिकाऊ माणसाच्या चेहऱ्यावर तिचा भरवसा नसे, ती फक्त बुडबुडे बघायची. तिनं त्याचा पट्टा धरून त्याला आहे तिथंच थांबवलं, छातीवर टकटक केलं. तेव्हा कुठे बुडबुडे सुटले.

काठावर आल्यावर ती कडाडली. "काका, तिसऱ्यांदा! वर येताना श्वास रोखायचा नाही. आतली हवा फुगते, फुप्फुस फाटतं!"

"मी कुठं रोखतो, मॅडम? कसम से, मला कळत पण नाय."

"तेच तर भीतीचं आहे. शनिवारी मालवणला मी तुम्हाला समुद्रात उतरवणार नाही."

हरिचंद्रचा चेहरा उतरला. उल्हासनगरात वीस वर्षं जीन्स शिवणाऱ्या या माणसानं एकच खूळ जपलं होतं, एकदा समुद्र आतून बघायचं. मायाला फार वाईट वाटलं. पण पाण्याखाली त्याचा जीव तिच्या हवाली होता. फी त्यासाठीच घेतली होती तिनं.

संध्याकाळी दोघं अंबरनाथच्या त्या तलावावरून एकाच रिक्षानं उल्हासनगरकडे निघाले. शिवमंदिर मागे पडलं, पुढे नाल्यावरचा पूल आला. कारखान्यांत ज्या रंगाचं कापड धुतलं जाई त्या रंगाचा तो नाला. आज निळा होता, आणि उतरत्या उन्हात अगदी स्वप्नातल्यासारखा दिसत होता. वासानं मात्र डोळ्यांत पाणी येत होतं.

मायानं सहज शेजारी पाहिलं. हरिचंद्रचे गाल फुगलेले. आरशात रिक्षावाल्याचेही. रोजचाच पूल, कोणी ठरवून श्वास रोखत नव्हतं. मग तिच्या ध्यानात आलं, तिनं स्वतःही रोखला होता.

"थांबवा, थांबवा!"

ती पुलाच्या मधोमध उतरली. "या काका. इथं श्वास घ्या."

"इथं? पागल झालात काय, मॅडम?"

"पाण्यात असलात तरी तुम्ही या पुलावरच असता."

तो उतरून कठड्याशी आला. मग त्यानं श्वास घेतला. खोकला, डोळे पुसले, पुन्हा घेतला. मायाही त्याच्याबरोबर घेत राहिली.

"झालं? शनिवारी नेणार ना?"

"उद्या परत तलावात उतरू. बुडबुडे सांगतील."

ती रिक्षाकडे वळली. हरिचंद्र हलला नाही. कठड्यावर हात टेकून, निळ्या पाण्याकडे बघत तो संथपणे श्वास घेत होता, सोडत होता. रुमालानं नाक दाबून चाललेली एक बाई थबकली.

"अहो, नाक दाबा ना!"

"नाय ताई," हरिचंद्र म्हणाला, "मला समुद्रात जायचंय."